पोत्यांचा हिशेब

1902 सालचा डिसेंबर सरत आला होता. लंडनमधल्या बेविक, मोरिंग आणि कंपनी या पेढीत नाताळच्या सुट्टीची सुस्ती पसरली होती. जगभरच्या खाणी चालवायला घेणारी ही नामांकित पेढी. तिचे मुख्य भागीदार मोरिंग त्या वेळी फार दूर, पूर्वेकडे गेलेले. आणि नेमक्या त्याच दिवसांत उघडकीला आले, की पेढीचे पैशांचे व्यवहार पाहणारा रो नावाचा भागीदार पसार झाला आहे. त्याने शेअरबाजारात सट्टा खेळला होता, त्यात तो बुडाला होता, आणि खड्डा बुजवण्यासाठी खाण-कंपन्यांची बनावट शेअर सर्टिफिकेटे करून ती तारण ठेवून पैसे उचलले होते.

मागे राहिलेल्या भागीदारांत सर्वांत धाकटा होता अठ्ठावीस वर्षांचा एक अमेरिकन इंजिनियर. कायद्याचा कीस काढला असता तर पेढीला बऱ्याचशा रकमेबाबत हात झटकता आले असते. पण मोरिंग परत येईपर्यंत न थांबता या भागीदारांनी जाहीर करून टाकले, की नुकसान पेढी भरून देईल. धाकट्या भागीदाराची आजवरची सगळी कमाई त्यात गेली आणि पुढची काही वर्षे तो ते देणे फेडत राहिला. रो पुढे कॅनडात पकडला गेला, त्याला शिक्षा झाली.

मी आयुष्याची तीन दशके बँकेत काढली. जो माणूस कधी रजाच घेत नाही त्याची टेबले आधी तपासावीत, ही आमच्या जुन्या इन्स्पेक्टर मंडळींची शिकवण. अपहार मी पाहिले आहेत. अपहारानंतर प्रत्येकाने आपापली सही कुठे नाही हे दाखवण्यासाठी केलेली धावपळही पाहिली आहे. म्हणून त्या नाताळातली ही गोष्ट प्रथम वाचली तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो. हा मनुष्य म्हणजे हर्बर्ट हूव्हर. तोच, ज्याचे नाव पुढे अमेरिकेतल्या उपाशी, बेघर माणसांनी पत्र्याच्या झोपडपट्ट्यांना दिले. हे दोन हूव्हर एकाच कुडीत कसे नांदले, याचे कोडे तेव्हापासून माझ्या मागे लागले आहे.

त्याचा जन्म 10 ऑगस्ट 1874 चा, आयोवा राज्यातल्या वेस्ट ब्रँच या खेड्यातला. बाप लोहार, आई क्वेकर पंथाची, प्रार्थनासभेत बोलणारी. सहाव्या वर्षी बाप गेला, नवव्या वर्षी आई. तीन भावंडे नातेवाइकांत वाटली गेली. अकरा वर्षांच्या हर्बर्टला आगगाडीत बसवून देशाच्या दुसऱ्या टोकाला, ओरेगनमध्ये, डॉक्टरी करणाऱ्या मामाकडे धाडले गेले. मामाचा स्वतःचा मुलगा नुकताच वारलेला. घरात अन्न होते, कामे होती. मायेचे बोलणे बेताचे. मामाच्या जमिनीच्या व्यवसायात पोराने ऑफिसबॉय म्हणून काम केले आणि तिथेच हिशेब लिहायला शिकला. आश्रित म्हणून वाढलेल्या मुलाला एक गोष्ट फार लवकर कळते: आपले ओझे कोणावर पडता कामा नये. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे ती पुन्हा भेटणार आहे, आणि नको तिथे.

1891 मध्ये कॅलिफोर्नियात स्टॅनफर्ड विद्यापीठ उघडले. शिकवणीची फी नव्हती. पहिल्याच तुकडीत हा शिरला. इंग्रजीत तो सारखा नापास होई, पण भूगर्भशास्त्रात त्याने जीव ओतला. कपडे धुवायला देण्याघेण्याची एजन्सी चालवली, विद्यार्थी संघटनेचा खजिनदार झाला आणि तिचे कर्ज फेडले. 1895 मध्ये पदवी हाती आली ती मंदीच्या काळात. पदवीधर इंजिनियर नेव्हाडा सिटीच्या खाणीत रात्रपाळीला दगडांच्या गाड्या ढकलू लागला. पुढे सॅनफ्रान्सिस्कोच्या लुई जॅनिन या मोठ्या खाणतज्ज्ञाकडे गेला तेव्हा जागा होती फक्त टायपिस्टची. तीही त्याने घेतली. दोन वर्षांत जॅनिननेच त्याची शिफारस बेविक-मोरिंगकडे केली. त्यांना अनुभवी, पस्तिशीचा माणूस हवा होता. हूव्हर बावीस वर्षांचा. वय जास्त दिसावे म्हणून त्याने दाढी-मिशा वाढवल्या, असे सांगतात.

1897 मध्ये तो पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या सोन्याच्या वाळवंटात पोहोचला. धूळ, माश्या, उंटांचे तांडे, आणि पाण्यासाठी वणवण. लिओनोराजवळच्या 'सन्स ऑफ ग्वालिया' या खाणीची पारख त्याने केली आणि ती विकत घेण्याचा सल्ला दिला. (आपल्याला ग्वाल्हेर आठवते, पण ग्वालिया हे वेल्सचे जुने काव्यमय नाव, खाणीला पैसा पुरवणारे वेल्सचे होते.) सल्ला अचूक ठरला. ती खाण 1963 पर्यंत चालली. पण तिथे व्यवस्थापक म्हणून त्याने काय केले? कामाचे तास वाढवले, रविवारचे दुप्पट वेतन थांबवले, स्थानिक कामगारांची कुरबूर मोडायला इटालियन मजूर आणले. टनामागे खर्च किती शिलिंग, हा एकच सवाल तो प्रत्येक माणसाला आणि यंत्राला विचारी. लंडनला पाठवलेल्या त्याच्या अहवालांत खर्चाचा आकडा खाली येत गेला, आणि त्याचा पगार वर.

ऑस्ट्रेलियातून त्याने एका मुलीला तारेने लग्नाची मागणी घातली. लू हेन्री. स्टॅनफर्डमध्ये भूगर्भशास्त्र घेतलेली, घोड्यावर मांड ठोकणारी, मॉन्टेरेच्या एका बँकवाल्याची लेक. 10 फेब्रुवारी 1899 ला लग्न झाले आणि दुसऱ्याच दिवशी जोडपे चीनच्या बोटीत बसले. तिथल्या कायपिंगच्या कोळसा खाणींचे प्रमुख चांग येन-माओ यांचा तो तांत्रिक सल्लागार होता. पुढच्या वर्षी बॉक्सरांचे बंड पेटले. तियान्त्सिनच्या परकीय वस्तीला जवळजवळ महिनाभर वेढा पडला. गोदामांतली साखर, तांदूळ, शेंगदाण्यांची पोती रस्त्यावर रचून हूव्हरने तटबंदी उभी केली. लू कमरेला पिस्तूल लावून सायकलवरून इस्पितळात जखमींच्या शुश्रूषेला जाई.

त्या धामधुमीत एक कागद झाला, आणि तो कागद हूव्हरच्या चरित्रातला डाग आहे. रशियन फौजा खाणी बळकावतील या भीतीने चांग यांच्या बाजूने त्या ब्रिटिश नावावर करायचे ठरले. 1901 च्या फेब्रुवारीत हूव्हरने चांगकडून हस्तांतराच्या दस्तावर सही घेतली. चांग सहज तयार नव्हते. तेव्हा सोबत एक करारनामा झाला, की चिनी भागधारकांचे हक्क राहतील आणि चांग यांचे पद कायम राहील. दस्त लंडनला पोहोचला, करारनामा मात्र नव्या मालकांनी गुंडाळून ठेवला. चांग यांनी लंडनच्या कोर्टात दावा लावला. 1905 मध्ये निकाल चांग यांच्या बाजूने लागला. करारनामा बंधनकारक ठरला. हूव्हरने साक्ष दिली, आणि करारनामा पाळायला हवा होता हे तोही नाकारू शकला नाही. खाणी मात्र चीनला परत मिळाल्या नाहीत. सह्या घेणारा तो, वचन मोडणारे दुसरे, आणि त्या व्यवहारात पेढीचा भागीदार झाला तो पुन्हा तोच. एका चिनी गृहस्थाचे नुकसान आणि इंग्रज धनकोंचे नुकसान यांना त्याच्या वहीत वेगवेगळी पाने होती की काय, असे मनात येते. 1909 मध्ये त्याने खाणकामाच्या तत्त्वांवर पुस्तक लिहिले. त्यात कामगार संघटनांचा हक्क त्याने मोकळेपणाने मान्य केला, हे ऑस्ट्रेलियातल्या वर्तनाच्या पुढचे पाऊल. पण त्याच पुस्तकात एक गोरा मजूर दोन-तीन काळ्या-पिवळ्यांच्या बरोबरीचा, असा हिशेबही आहे.

पुढची वर्षे पैशांची. 1908 मध्ये पेढी सोडून तो स्वतंत्र झाला आणि आजारी खाणींचा वैद्य म्हणून नाव कमावले. ऑस्ट्रेलियातल्या ब्रोकन हिलला जस्त असलेल्या टाकाऊ चुऱ्याचे डोंगर पडून होते. चुरा पाण्यात, तेलात घुसळायचा. ताकावर लोणी यावे तसे जस्ताचे कण फेसाला चिकटून वर येतात. ही युक्ती बसायला काही वर्षे गेली, कंपनी बुडता बुडता वाचली, आणि मग डोंगर विकले गेले. दुसरे घबाड ब्रह्मदेशात, म्हणजे तेव्हाच्या ब्रिटिश हिंदुस्थानच्याच एका प्रांतात. शान टेकड्यांतल्या बॉडविनला चिनी लोकांनी शतकांपूर्वी चांदी काढून शिसे टाकून दिले होते. हूव्हरच्या मंडळींनी जंगलातून अरुंद रेल्वे नेली, नामटूला भट्ट्या बांधल्या, बोगदे खणले. त्यातून शिसे, जस्त आणि चांदीचा जगातला एक श्रीमंत साठा हाती आला. चाळिशीला पोहोचता पोहोचता त्याची मालमत्ता चाळीस लाख डॉलरच्या घरात गेली, असा अंदाज दिला जातो.

संसार मात्र बोटीवरचा. थोरला मुलगा 1903 मध्ये जन्मला, आणि पाच आठवड्यांचा असताना ऑस्ट्रेलियाच्या प्रवासाला निघाला. या सगळ्या फिरस्तीत नवरा-बायकोने मिळून एक उद्योग केला, तो मला त्याच्या सगळ्या खाणींपेक्षा लोभस वाटतो. अ‍ॅग्रिकोला नावाच्या जर्मन विद्वानाचा 1556 मधला खाणकामावरचा लॅटिन ग्रंथ. त्यात लेखकाने धातूंसाठी, प्रक्रियांसाठी स्वतःच घडवलेले लॅटिन शब्द, म्हणून भाषापंडितांनाही तो उलगडत नव्हता. लूला लॅटिन येत होते, हूव्हरला भट्टी कळत होती. एखादी प्रक्रिया समजली नाही की दोघे ती प्रत्यक्ष करून पाहात. पाच वर्षे रात्री जागवून 1912 मध्ये त्यांनी तो जुन्या चित्रांसकट इंग्रजीत छापला.

1914 च्या ऑगस्टमध्ये महायुद्ध सुरू झाले, तेव्हा हूव्हर लंडनमध्ये होता. पहिल्या आठवड्यांत युरोपात अडकलेल्या हजारो अमेरिकन प्रवाशांना कोणी हुंडी वटवून देईना. त्याने मित्र जमवले आणि चक्क सहीवर पैसे द्यायला सुरुवात केली. दिलेल्या पंधराएक लाख डॉलरपैकी तीनशे सोडून सगळे परत आले, असे सांगतात. थकबाकी वसुलीत डोक्याचे केस पांढरे झालेल्या माझ्यासारख्याला हा आकडा परीकथेतला वाटतो.

खरी परीक्षा बेल्जियमची. जर्मनांनी देश व्यापला होता. हा चिमुकला, दाट वस्तीचा देश बहुतेक धान्य बाहेरून आणून खाई, आणि ब्रिटिश नौदलाने समुद्र रोखला होता. व्यापणारे म्हणत, खायला घालणे आमचे काम नाही. रोखणारे म्हणत, धान्य गेले तर ते जर्मन सैनिक खातील. मध्ये सत्तर लाखांवर माणसे. ऑक्टोबर 1914 मध्ये हूव्हरने ही जबाबदारी घेतली. ऐन युद्धात जस्त आणि शिशाला सोन्याचा भाव येणार हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक होते? तरी त्याने धंद्यातून अंग काढले आणि पगार घेतला नाही.

बेल्जियन बाजूचा प्रमुख कोण असावा? एमिल फ्रांकी. कायपिंगच्या भानगडीत हूव्हरशी ज्याचे चांगलेच वाजले होते, तोच. दोघांनी एकमेकांकडे पाहिले, आणि कामाला लागले. फार प्रेम कधी झाले नाही, पण गाडा अडला नाही.

मदत समिती जणू एक वेगळे राज्यच झाली. तिचा स्वतःचा झेंडा, स्वतःची जहाजे, दोन्ही शत्रुराष्ट्रांशी स्वतंत्र करार. पाणसुरुंग पेरलेल्या उत्तर समुद्रातून हूव्हर चाळीस वेळा ये-जा करून आला. उत्तर फ्रान्सही पुढे याच व्यवस्थेत आला. चार वर्षांत पन्नास लाख टनांच्या आसपास अन्न पोहोचले, नव्वद लाखांवर माणसे जगली, आणि व्यवस्थापनाचा खर्च शेकडा एकच्याही आत राहिला. टनामागे खर्चाचा तोच जुना सवाल. फक्त या खेपेला टन पिठाचा होता.

आणि ती पोती! अमेरिकेतून आलेले पीठ सुती पोत्यांत असे. कापसापासून स्फोटके होतात, म्हणून रिकामे पोतेही जर्मनांच्या हाती लागू द्यायचे नव्हते. प्रत्येक पोत्याचा हिशेब ठेवला गेला. रिकामी पोती शाळांत, शिवणाच्या कारखान्यांत वाटली. बायकांनी त्यांची पोरांना कुडती शिवली. मग कोणी गिरणीच्या छापील नावाभोवती फुले भरली, कोणी दोन्ही देशांचे झेंडे, कोणी आभाराचे दोन शब्द, आणि ती पोती अमेरिकेला परत धाडली.

युद्धानंतर त्याने अर्धा युरोप जगवला. बोल्शेविकांचा तो कट्टर विरोधक. तरी 1921 ते 23 च्या रशियन दुष्काळात त्याच्या संस्थेने ऐन भरात रोज एक कोटीवर माणसांना जेवू घातले. सात वर्षांहून अधिक काळ व्यापारमंत्री राहिला. 1928 च्या निवडणुकीत 444 विरुद्ध 87 मतांनी अध्यक्ष झाला. प्रचारात त्याने सांगितले होते, की अमेरिकेतून दारिद्र्य हद्दपार होण्याचा दिवस जवळ आला आहे. 4 मार्च 1929 ला शपथ घेतली, आणि ऑक्टोबरात शेअरबाजार कोसळला.

त्याने काहीच केले नाही, हे खरे नाही. उद्योगपतींना बोलावून पगार न कापण्याची विनंती केली, सार्वजनिक बांधकामे वाढवली, 1932 मध्ये बँका आणि रेल्वे सावरायला मोठे महामंडळ काढले. पण उपाशी माणसाच्या हातावर केंद्र सरकारने थेट काही ठेवायचे म्हटले, की त्याचे पाय अडत. शेजाऱ्याने शेजाऱ्याला सांभाळावे, गावाने, रेडक्रॉसने पाहावे. सरकारी भीक एकदा लागली की माणसाचा कणा मोडेल. 1930 च्या भीषण अवर्षणात अर्कान्सासचे शेतकरी उपासमारीला आले. हूव्हर सरकार बियाण्यासाठी आणि जनावरांच्या वैरणीसाठी कर्ज द्यायला तयार होते, माणसांच्या अन्नासाठी नाही. खेचराला दाणा आणि त्याच्या धन्याला उपदेश, अशी टीका काँग्रेसमध्ये झाली, आणि तिला उत्तर नव्हते.

इथे मला माझे बालपण आठवते. 1972 चा दुष्काळ. शाळेत मिळणारी सुकडी, रेशनवरचा तांबडा मिलो, आणि रस्त्याच्या कामावर खडी फोडणारी गावची माणसे, त्यांत चांगले बागाईतदारही. फुकट द्यावे की नाही हा प्रश्न आपल्याकडेही होता. महाराष्ट्राने मागेल त्याला काम देण्याचा तोडगा काढला, आणि पुढे त्याचा कायदा केला. काम कमी पडे, मजुरी उशिरा मिळे, मस्टरवर खोटी नावे चढत, हे सगळे खरे. पण दाराशी आलेल्याला शेजाऱ्याकडे जा, असे सरकारने सांगितले नाही. शेजाऱ्याकडे काय होते?

हूव्हरला हे कळत नव्हते असे कसे म्हणावे? बेल्जियममध्ये त्याने वाटलेल्या अन्नाचा बहुतेक पैसा सरकारांचाच होता. नुसत्या देणग्यांवर तो देश महिनाभरही जगला नसता. मला वाटते, बेल्जियन हे त्याच्या लेखी शत्रूने नाडलेले लोक होते, त्यांच्या भुकेत त्यांचा दोष नव्हता. आपल्या देशबांधवांकडे पाहताना मात्र मामाच्या घरचा तो अकरा वर्षांचा पोर मध्ये उभा राही. ओझे कोणावर टाकायचे नाही. मी गाड्या ढकलल्या, टायपिंग केले, वर आलो, तुम्हीही याल. खाण बंद पडली तर दुसरी खाण असते, हे त्याचे सारे आयुष्य होते. सगळ्या खाणी एकदम बंद पडल्या तर काय, याचा अनुभव त्याला नव्हता.

झोपडपट्ट्यांना लोक 'हूव्हरव्हिल' म्हणू लागले, अंगावर पांघरलेल्या वर्तमानपत्राला हूव्हरची घोंगडी, आणि उलट्या काढलेल्या रिकाम्या खिशाला हूव्हरचा झेंडा. 1932 च्या उन्हाळ्यात महायुद्धातले हजारो माजी सैनिक बोनसची रक्कम आताच मिळावी म्हणून राजधानीत तळ ठोकून बसले. जुलैच्या अखेरीस जनरल मॅकआर्थरने रणगाडे आणि अश्रुधूर घेऊन त्यांना हुसकले, तेही अध्यक्षाने घातलेली मर्यादा ओलांडून. हूव्हरने जाहीरपणे त्याला दोष दिला नाही. रो च्या अपहाराची भरपाई करणाऱ्याला शोभेल असेच ते वागणे. पण जळत्या झोपड्यांची छायाचित्रे पाहणाऱ्या मतदाराला त्याचे काय? नोव्हेंबरात 472 विरुद्ध 59 मतांनी रूझवेल्ट निवडून आले.

पुढची बारा वर्षे व्हाइट हाउसने त्याची आठवण काढली नाही. 1944 च्या जानेवारीत लू गेली. 1946 मध्ये जगभर धान्याचा दुष्काळ पडला, आणि अध्यक्ष ट्रुमन यांनी या एकाहत्तर वर्षांच्या माणसाला हाक मारली. विमानाने तो अडतीस देश फिरला. त्या एप्रिलमध्ये हिंदुस्थानातही येऊन गेला. बंगालच्या दुष्काळात तीसएक लाख माणसे मेल्याला तेव्हा तीनच वर्षे झाली होती. खायला किती आहे, लागेल किती, जहाज कुठून वळवता येईल. बैठकांत तो हेच विचारी. हे प्रश्न तियान्त्सिनपासून त्याच्या ओळखीचे होते.

20 ऑक्टोबर 1964 ला न्यूयॉर्कमध्ये वयाच्या नव्वदाव्या वर्षी तो वारला. वेस्ट ब्रँचला, जन्मघर दिसेल अशा टेकाडावर, लूशेजारी त्याला पुरले आहे. साध्या पांढऱ्या दगडावर नाव आणि वर्षे आहेत, हुद्दा नाही. खाली थोड्या अंतरावर त्याच्या नावाचे ग्रंथालय आणि संग्रहालय आहे. तिथे बेल्जियमहून परत आलेली ती पिठाची पोती जपून ठेवली आहेत, शेकड्यांनी. गिरण्यांची नावे आता फिकट झाली आहेत. भरतकामाचे दोरे मात्र अजून ओळखू येतात.